वळणावरचा अर्धा किलो

मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, भरपूर. तिनं जेवताना पाण्याचा पेला उचलला तरी माझ्या पोटात दुखायचं.

एका घरात दोन जावा असल्या की थोडंफार व्हायचंच, तेवढं मी मनावर घेतलं नसतं. पण आमची धाकटी माझ्या कारखान्यातच आली. माझ्या म्हणजे काही मालकीच्या नव्हे. साबणाचा कारखाना आहे आणि तिथं मी सतरा वर्षं हवा सांभाळते. हसू नका. साबणाच्या वड्या कापायच्या, त्यांच्यावर ठसा मारायचा, त्या कागदात गुंडाळायच्या, ही सगळी यंत्रं दाबाच्या हवेवर चालतात. ती हवा तयार करणारे तीन कंप्रेसर मागच्या खोलीत आहेत आणि ती खोली माझी. कारखान्यात मला हवाबाई म्हणतात. पहिल्यांदा चेष्टेनं म्हणायचे, मग सवयीनं म्हणायला लागले, आणि गेली दहा वर्षं मानानं म्हणत होते. निदान माझा तसा समज होता.

त्या खोलीत आवाज इतका की बाहेर आल्यावर तासभर माणसं नुसती तोंडं हलवताहेत असं वाटतं. पण त्या आवाजातूनच मला सगळं कळायचं. दोन नंबरचा पट्टा ढिला झाला, तीनची जाळी तुंबली, कुठला पाइप फुसफुसतोय, मला कुणी सांगायला लागत नसे. बाकी काम म्हणजे दर तासाला गेजवरचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीवरचा, आकडा बघायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. हवेचा दाब आम्ही किलोत मोजतो. गेजवर साडेसहा दिसायचे, मी सात लिहायचे.

यात लबाडी काही नव्हती. मी कामाला लागले त्या दिवशीच तेव्हाच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला शिकवलं होतं, "पोरी, हे गेज पाइपाच्या वळणावर बसवलंय. वळणावर हवा दमते. अर्धा किलो कमी दाखवतं. तू आपला अर्धा मिळवून लिहीत जा." मी मिळवत गेले. माझ्या हाताखाली जे जे आले त्यांनाही मिळवायला शिकवलं. आमच्याकडे नव्या माणसाला बाथरूम कुठे आहे ते नंतर कळायचं, वळणाचा अर्धा किलो आधी कळायचा.

धाकटी आली ती आकड्यांची पदवी घेऊन. कारखान्यात वीज कुठे किती जाते, कुठे वाया जाते, ते शोधायचं तिचं काम. तिनं पाइपांवर सेन्सर बसवले, मोटारींवर मीटर बसवले, माझी दहा वर्षांची रजिस्टरं उचलून नेली आणि सगळा डेटा संगणकात घातला. मग पहिल्या मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाली, "सर, विजेतला तिसरा हिस्सा एकट्या हवेवर जातोय. दाब जरुरीपेक्षा अर्धा किलो जास्त ठेवला, तरी शंभरातली तीन-चार युनिटं फुकट जातात. वीज वाचली की तिच्यामागचा धूरही वाचला. आता बाहेरची गिऱ्हाइकं तेसुद्धा विचारतात."

हवा फुकटची नसते हे मी सतरा वर्षं कानीकपाळी ओरडत होते. मी सांगायचे तेव्हा मोठे साहेब घड्याळाकडे बघायचे. तिनं सांगितलं तर वहीत लिहून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मीटिंगमध्ये करते काय, समोरच्या ताटलीतलं बिस्कीट खाल्लं.

घरी तरी सुटका हवी ना. सासूबाई शेजारणीला जिन्यात गाठून सांगायच्या, "आमची धाकटी पडद्यावर बसून अख्खा कारखाना बघते." शेजारीण विचारायची, "आणि थोरली?" सासूबाई म्हणायच्या, "ती हवेचं बघते." हवेचं बघते. जणू मी खिडक्या उघडते आणि लावते. आमचे हे चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत, दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून झटतात, पण घरात काय चाललंय ते यांना कधी दिसलं नाही. मी तणतणले की म्हणायचे, "अगं, तीही आपलीच ना?" आपलीच होती, तेच तर दुखणं होतं. परकी असती तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. कामात असली की गुणगुणायची, तेही बेसूर. दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडून आकडा दुरुस्त करायची. सासूबाई "पन्नास-साठ माणसं होती" म्हणाल्या की ही म्हणणार, "त्रेपन्न". पण मला 'ताई' म्हणायची, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. ते मला आणखीच खुपायचं.

आता मुख्य गोष्ट. कारखान्यात ऊर्जाप्रमुखाची नवी जागा निघाली होती. वरच्या मजल्यावर खोली, खिडकीतून दिसणारी झाडं, दार लावलं की शांतता. दोन वर्षांपूर्वी साहेब मला स्वतः म्हणाले होते की अशी जागा निघाली तर तुमचाच विचार करू. मी ती खोली साफसफाईच्या निमित्तानं दोनदा बघूनसुद्धा आले होते. टेबल कुठल्या भिंतीला लावायचं तेही ठरवलं होतं. आणि आता साहेब धाकटीकडे हात करून म्हणाले, "गुरुवारी दाब कमी करायची चाचणी आहे. ती जमली तर जागा त्यांना देऊ. नाही जमली तर हवाबाई आहेतच." त्या 'आहेतच'नं मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

या चाचणीच्या महिनाभर आधी धाकटी लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली होती. कानात बोळे घातले होते, तरी तोंड वाकडं करत होती. ओरडून म्हणाली, "ताई, एक विचारू? माझा नवा सेन्सर साडेसहा दाखवतो आणि तुमच्या रजिस्टरमध्ये सात असतात. रोज, दर तासाला, बरोबर अर्ध्याचाच फरक. असं कसं?"

मी म्हटलं, "तुझा सेन्सर चुकतोय."

"पण त्याला तपासणीचं प्रमाणपत्र आहे."

"प्रमाणपत्राला वळण कळतं का? पाइपाच्या वळणावर सगळं अर्धा कमी दाखवतं. सतरा वर्षं बघतेय मी."

हे सांगताना मला जो आनंद झाला तो काय सांगू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी येत नव्हतं आणि मला येत होतं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल," आणि काहीतरी टाइप करत निघून गेली. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मला माहीत होतं तेच सांगितलं. मात्र उठून एकदा गेज तपासावं, एवढी तसदी घेतली नाही. आणि का नाही घेतली, तेही मला माहीत आहे.

चाचणीच्या आधीच्या मंगळवारी फिटरकाका आणि मी हत्यारांचं कपाट आवरत होतो. काका माझ्याहून जुने, सगळं कारखान्याचं प्लंबिंग त्यांच्या डोक्यात. खालच्या खणात मला एक गेज सापडलं. काचेवर लाल ठिपका. तो ठिपका मीच नखरंगानं काढलेला, कामाला लागले त्या वर्षी. भिंतीवरच्या गेजवर तो दिसेनासा झाला तेव्हा पुसला गेला असेल, असं मी धरून चालले होते.

"काका, हे आपलं गेज ना? इथं काय करतंय?"

"चार वर्षं झाली की बदलून. तुम्ही रजेवर होतात, दिराच्या लग्नाच्या. याची स्प्रिंग बसली होती, म्हणून अर्धा कमी दाखवायचं. नवं एकदम चोख आहे."

"आणि वळण?"

"वळणाचं काय त्यात?" काका म्हणाले. "हवेला काय चक्कर येते?"

माझ्या लक्षात सगळं आलं. काटा साडेसहावर ठेवायची मला सवय, म्हणून रजेवरून आल्यावर नव्या गेजचा काटाही मी चावी फिरवून तिथंच आणला होता. नवं गेज खरं साडेसहा दाखवत होतं आणि मी चार वर्षं खोटे सात लिहीत होते. पॅकिंगवाले चार वर्षं कुरकुरत होते की हवा कमी पडते, आणि मी त्यांना रजिस्टर दाखवून हाकलून देत होते. धाकटीचा सेन्सर बरोबर होता. माझ्या सांगण्यावरून तिनं त्यात अर्धा मिळवला होता. गुरुवारी ती सातावरून साडेसहावर आणतोय असं समजून दाब उतरवणार आणि खरा दाब सहावर येणार. सहावर आमची यंत्रं चालत नाहीत. हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं, पण खरा दाब सहावर जाणार हे माहीत होतं फक्त मला.

सांगितलं असतं तर तिची चाचणी वाचली असती. ती आकडा बदलून दुसरीकडे वीज वाचवण्याची जागा शोधून काढणार, तेवढी ती हुशार होतीच. माझी मात्र चार वर्षांची रजिस्टरं सगळ्यांसमोर उघडी पडली असती. हवाबाईला गेज वाचता येत नाही, असं पॅकिंगपासून गेटपर्यंत झालं असतं, आणि खोली तर गेलीच. गप्प बसले तर खोली माझी.

तरी मी ठरवलं होतं की बुधवारी सांगायचं. खरंच ठरवलं होतं. संध्याकाळी ती जेवायच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांच्या हातात सासऱ्यांचं मनगटी घड्याळ होतं. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. घड्याळ कपाटात होतं, आणि दरवर्षी कपाट आवरताना सासूबाई मला म्हणायच्या, "कधीतरी तुला देईन हो." त्यांनी ते धाकटीच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाल्या, "उद्या मोठा दिवस आहे. वेळेचं भान राहू दे."

धाकटी लाजली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, उद्याची जरा भीती वाटतेय. तुम्ही कंप्रेसरपाशी असाल ना?"

"असेन की," मी म्हटलं आणि पानं घ्यायला उठले.

गुरुवारी सकाळी दहाला साहेब पॅकिंगमध्ये उभे होते आणि आम्ही दोघी माझ्या खोलीत. तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर सात होते. भिंतीवरच्या गेजवर साडेसहा. तिनं घड्याळ बघितलं, माझ्या सासऱ्यांचं, आणि म्हणाली, "करा ताई कमी."

चावी मी फिरवली. दुसऱ्या कुणी नाही, या हातानं. पडद्यावर साडेसहा झाले, गेजवर सहा. ती पडद्याकडे बघून हसत होती. मी गेजकडे बघत होते आणि मला ऐकू येत होतं. भिंतीपलीकडची यंत्रं आधी नेहमीसारखी ठक-ठक करत होती, मग ठक कमी झालं आणि नुसता उसासा ऐकू यायला लागला. एकदा तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. मी नुसती मिनिटं मोजत उभी राहिले. आठव्या मिनिटाला पॅकिंगमधून फोन आला. कागद मिटत नव्हते, वड्या एकमेकींवर चढत होत्या, ठशाच्या यंत्रात साबण अडकून बसला होता. मी चावी उलटी फिरवली, पण साच्यातला साबण घट्ट झाला तो झालाच. माणसं संध्याकाळपर्यंत छिन्नीनं खरवडत होती.

दोन वाजता साहेबांच्या खोलीत बोलावलं. साहेबांनी आकडे मागवले, फिटरकाकांना विचारलं, आणि अर्ध्या किलोपर्यंत ते बरोबर आले. धाकटीकडे वळून म्हणाले, "सेन्सर बरोबर दाखवत होता. मग त्यात अर्धा मिळवायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. ती माझ्याकडे बघतेय हे मला न बघताही कळत होतं. लॅपटॉप तिच्यापुढे उघडा होता. तिचा हात माउसवर गेला, तिथं थोडा वेळ राहिला, मग मागे आला. तिनं लॅपटॉप मिटला.

"कुणी नाही सर," ती म्हणाली. "मी ठरवलं. चूक माझी."

साहेब मला काही विचारतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यांनी विचारलं नाही. रजिस्टरच्या सातांबद्दल फिटरकाकांनीही काही काढलं नाही, जुन्या माणसाला सांभाळून घेतलं असावं. पुढच्या आठवड्यात जागा मला मिळाली. सगळ्यांनी येऊन अभिनंदन केलं, आणि मी टेबल ठरवलेल्या भिंतीला लावून घेतलं.

महिन्याभरात धाकटीनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. दिरानं बदली मागून घेतली. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या आणि कुणाशीच बोलत नव्हत्या. धाकटी माझ्या पाया पडायला वाकली, मी "असू दे, असू दे" म्हटलं. उभी राहताना हळूच म्हणाली, "ताई, वळणाचं काही नसतं हो. मी पुस्तकात बघितलं." एवढंच. मग जाऊन गाडीत बसली. घड्याळ तिच्या हातात होतं. तेही मी बघितलंच.

वरच्या खोलीत मला करमेना. झाडं दिसायची, शांतताही होती, पण त्या शांततेत मला काही कळायचं नाही. साहेबांनी सांगितलं होतं की धाकटीनं उभं केलेलं काम तुम्ही पुढे चालवा, दर महिन्याला अहवाल द्या. एक मुलगी येऊन मला तो प्रोग्रॅम शिकवून गेली. पंधरा दिवस धडपडल्यावर मला आलेख वाचता यायला लागले. आणि मग रोज नवा जळफळाट. कारण तिचं काम चांगलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं बंद असतात, तरी हवेची रेघ खाली येत नव्हती. म्हणजे एक अख्खा कंप्रेसर नुसता गळतीसाठी चालत होता. तिनं त्या जागेवर पिवळी खूण करून ठेवली होती, 'पुढे बघणे'. दाब न उतरवता वाचवायची जागा तिला सापडलेली होती, फक्त वेळ मिळाला नाही.

मी साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन स्वतः पाइपांवरून फिरले. सत्तावीस ठिकाणी बुडबुडे आले. सत्तावीसही बुजवले. साहेब खूश झाले, म्हणाले, "बघा, अनुभव तो अनुभव." मी ब्रश धुवायला घेऊन गेले.

पहिला अहवाल मात्र जुळेना. सगळे आकडे अर्ध्यानं चुकत होते. तिनं मिळवलेला तो अर्धा अजून प्रोग्रॅममध्ये बसलेला होता, कुणी काढलाच नव्हता. शिकवून गेलेल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "'दुरुस्त्या' नावाचं पान उघडा. तिथून काढता येईल. फक्त कारण लिहावं लागतं. कारणाशिवाय ते काही घेत नाही, आणि ते अहवालात जातं."

मी पान उघडलं. अख्ख्या कारखान्याच्या डेटात एकच दुरुस्ती होती. तारीख, मुख्य पाइप, अधिक अर्धा किलो. पुढे कारणाचा चौकोन, आणि त्यात तिनं लिहिलं होतं:

'आमच्या ताई म्हणतात, वळणावर कमी दाखवतं. सेन्सरपेक्षा त्यांचा कान जास्त बरोबर आहे.'

त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तिचा हात माउसवर गेला होता तो याच पानावर. एक बटण दाबलं असतं तर हीच ओळ साहेबांसमोर आली असती. खाली माझ्यासाठी तसाच एक रिकामा चौकोन होता.

टेबलावरचा चहा निवून गेला. अर्धा तसाच ठेवून दिला असता तरी कुणाला कळलं नसतं, आकडे मी हातानं जुळवले असते, चार वर्षं जुळवले तसेच. शेवटी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून मी लिहिलं: 'गेज चार वर्षांपूर्वीच बदललं होतं. चाचणीच्या दोन दिवस आधी मला कळलं. मी सांगितलं नाही.' खाली माझं पूर्ण नाव टाकलं, हवाबाई नाही, आणि बटण दाबलं.

पडद्यावर दोन ओळी एकीखाली एक आल्या, वर तिची, खाली माझी. सकाळी साहेब अहवाल वाचतील आणि ही खोली जाईल, हे मला ठाऊक होतं. त्याचं तितकंसं काही वाटलं नाही. मी तिचीच ओळ पुन्हापुन्हा वाचत होते. तिनं माझ्याबद्दल जे लिहिलं होतं तसं मला आयुष्यात कुणाबद्दलच लिहावंसं वाटलं नव्हतं. खरं सांगू का, मला त्याचासुद्धा हेवाच वाटला.